ऑस्बर्टचा धक्का

बेक्विया बेटावरच्या पोर्ट एलिझाबेथच्या धक्क्यावर इर्डीनबाईचा शब्द चालायचा. जहाजावरून उतरलेले पाहुणे कुणाच्या टॅक्सीत बसवायचे, कुणी आधी निघायचं, कुणी तोंड मिटून उभं राहायचं, सगळं तीच ठरवी. त्या दिवशी समुद्रानं मात्र तिला जुमानलं नाही.

मोठं जहाज खाडीत नांगर टाकून उभं होतं. उतारूंना आणणारी छोटी बोट दोनदा धक्क्यापर्यंत आली, लाटेनं उचलून आपटली आणि गपगुमान परत गेली. टॅक्सीवाले हात चोळत बसले.

इर्डीनला टॅक्सीचं काही पडलं नव्हतं. त्या जहाजावर तिची लेक कोरीन खोल्या झाडायच्या कामाला होती. आपली पोरगी अंगावर पीत होती तेव्हाच कोरीन तिला इर्डीनच्या ओटीत टाकून गेली, आता पोरगी चालू लागली होती. कोरीनला आज तेवढी दुपारची सुट्टी. पुन्हा हे जहाज इकडं कधी फिरकेल, देव जाणे. इर्डीननं नातीला नवा फ्रॉक घालून, केस विंचरून कडेवर आणलं होतं.

बंदराचा साहेब घाम पुसत आला. तो तिला टँटी, म्हणजे मावशी म्हणे. "टँटी, कप्तान म्हणतो, आडोशाचा धक्का असला तर उतरवतो. नाहीतर निघालो."

आडोशाचा धक्का एकच, खडकांपलीकडचा, मासेमार ऑस्बर्टचा. खडकांतून वाट दाखवणाराही तोच.

"मग सांग की त्याला!"

"सांगितलं. म्हणतो, माझा धक्का पडका आहे, इर्डीनबाईनंच गावभर सांगितलंय."

सांगितलं होतं खरं. ऑस्बर्टचा धक्का म्हणजे म्हाताऱ्याचे दात, धरला की हातात आला! तेव्हापासून दोघांत गुड मॉर्निंग बंद. बेक्वियातला माणूस शिवी विसरेल, गुड मॉर्निंग चुकवलेलं विसरणार नाही. इथं दुकानात पाव मागायचा तरी आधी तेच.

इर्डीन नातीला घेऊन तडक तिकडं गेली, तेव्हा ऑस्बर्ट मासे पकडायचा तारेचा पिंजरा सांधत बसला होता.

"ऑस्बर्ट, ती बोट इकडं आण."

त्यानं मान वर केली नाही. तारेला पीळ घालत राहिला. इर्डीनच्या तोंडाशी चांगलं दणदणीत उत्तर आलं होतं. तेवढ्यात पोरीनं जहाजाकडं बोट दाखवलं. इर्डीननं ते उत्तर गिळलं.

"गुड मॉर्निंग, मिस्टर ऑस्बर्ट."

त्यानं सूर्याकडं पाहिलं. "दुपार झाली, मिस इर्डीन."

"मग गुड आफ्टरनून! संध्याकाळचंही आत्ताच घेऊन ठेव, मी पुन्हा यायची नाही. माझी कोरीन आहे रे त्या जहाजावर."

पिंजरा त्याच्या हातातून गळला. "हे आधी नाही सांगायचं? मला वाटलं, टॅक्सीच्या धंद्यासाठी तडफडत्येस. त्या पोरीला पोहायला मी शिकवलंय, बाई!"

त्यानं आपली होडी सोडली. टॅक्सीवाल्यांनी धावत येऊन धक्क्याला जुने टायर बांधले. होडी पुढं आणि जहाजाची बोट मागं, खडकांतून वळणं घेत दोन्ही आत आल्या. धक्का कुरकुरला, पण हलला नाही.

पाहुणे उतरले, मग नोकरमाणसं, आणि कोरीन.

तिनं हात पसरले. पोरीनं तोंड इर्डीनच्या मानेत खुपसलं. कोरीनचे हात तसेच अधांतरी राहिले.  इर्डीन ओल्या फळ्यांवर बसली, पोरीला दोघींच्या मध्ये ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा कुणी काय करायचं ते ठरवलं नाही.

कोरीननं समोर बसून बूट काढले. पोरगी तिच्या रंगवलेल्या नखांकडं बघत राहिली, मग एकेक नख दाबून पाहू लागली. शेवटी आईच्या गुडघ्याला धरून उठली आणि मांडीवर जाऊन बसली. कोरीननं डोळे मिटून घेतले.

ऑस्बर्ट मागून म्हणाला, "बाई, तिकडं पाहुण्यांसाठी टॅक्सीवाल्यांची जुंपलीय. कुणाला कुठं बसवायचं?"

"बसू देत कुठंही. ज्यांना किनारा बघायचाय, त्यांना तू ने. तुझ्या होडीतून, तुझ्याच धक्क्यावरून." ती त्याच्याकडं वळली. "देव तुझं भलं करो, ऑस्बर्ट."