कानशीच्या खुणा

बादलीतून वाफ येत होती आणि भाऊसोकाका शेजारी पाटावर बसून निवांत चहा पीत होते. मी सूतगिरणीतून नुकतीच आले होते, गाडी अजून स्टँडवर लावायची होती. बुडबुड आवाज ऐकला आणि वाटलं, काका अंघोळीचं पाणी तापवतायत. पण प्लॅस्टिकच्या बादलीखाली जाळ कुठून असणार?

मी वाकून बघितलं. काळपट फेसात, तांब्याच्या तारेत ओवलेले, आमच्या रोबोचे ब्रॅकेट उकळत होते.

"आवं काका, काय घातलंय ह्यात?"

काका म्हणाले, कॉस्टिक सोडा, दुसरं काय. जरा ओरखडे जातील, चकाकी येईल. तू चहा घे आधी.

मी चिमट्याने तार ओढून बाहेर काढली. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्या झटापटीतच पाणी तापून उकळतं; तारेला वजनच लागेना. तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे ब्रॅकेट होते ते, आणि चिमट्यात आले ते पापडासारखे. एकाच्या भोकात मी बोल्ट घालून बघितला, तर तो डोक्यासकट आरपार खाली पडला. मी तशी गप्प बसणारी नव्हे, गिरणीतले फिटर माझ्या तोंडाला घाबरून असतात. पण त्या वेळी मी नुसती त्या बोल्टकडे बघत राहिले.

बाहेरच्या माणसाला वाटेल, ॲल्युमिनियमच्या चार तुकड्यांचं एवढं काय. म्हणून सांगते. माझे आबा, म्हणजे वडील नाथाजी, सैन्यात गाड्यांचे मेकॅनिक होते. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, हात काही आला नाही. ज्या माणसाने बर्फात उभं राहून इंजिनं खोलली, तो माणूस दिवसभर भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसायचा. मला बघवेना. मला छोटे रोबो बनवायचा नाद आहे. दोन रोबोंनी एकमेकांना रिंगणाबाहेर ढकलायचं, अशी कुस्ती असते त्यांची. येत्या रविवारी साताऱ्यात तसा फड होता. मी मुद्दाम आबांपुढे पट्टी, करवत आणि कानस ठेवली आणि म्हटलं, मोटर धरून ठेवणारे काटकोनी ब्रॅकेट तेवढे तुम्ही करून द्या, मला वेळ नाही.

झटक्यानंतर आबांनी डाव्या हाताने केलेली ती पहिली वस्तू. पट्टी वाइसमध्ये पकडायची, करवत निसटायची, शिवी हासडायची, पुन्हा धरायची. धुळवड कधी गेली ते आम्हाला कळलं नाही. ब्रॅकेट झाले तेव्हा कडा नागमोडी होत्या आणि अंगभर कानशीच्या खाचा होत्या, पण माप अगदी बरोबर होतं. मला ते इतके आवडले की मी रात्री उशाला घेऊन झोपले नाही एवढंच.

मग फिनिश कुठलं द्यायचं यावरून आमच्या घरात मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखी चर्चा रंगली. आईला सोनेरी रंग हवा होता. आबा म्हणाले, काळा पावडर कोट मारून टाक. मी हरकत घेतली. पावडरचा थर जाड बसतो, भोकं बुजतात, बोल्ट घट्ट बसत नाहीत. हे सगळं खरं होतं, आणि खरं कारण वेगळं होतं. त्या थराखाली आबांच्या खाचा झाकल्या गेल्या असत्या. म्हणून मी बिनरंगाचं ॲनोडायझिंग ठरवलं. मिरजेच्या एमआयडीसीत एक जण करून देतो. पृष्ठभाग कडक होतो, आणि मुख्य म्हणजे काहीही झाकलं जात नाही, उलट एकेक रेघ जास्त उठून दिसते. हे मी जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितलं. पावडर कोट म्हणजे तोंडाला पावडर फासून फोटो काढणं, असंही वर म्हटलं. आई हसली. आबा ताटातला भात चिवडत राहिले.

आणि आता मिरजेला जायच्या आदल्या दिवशी ही बादली.

काकांनी तोवर काचेच्या बरणीतल्या नायट्रिक ॲसिडमध्ये ते तुकडे बुचकळून वरची काजळी काढली होती. "बघ की," म्हणाले आणि माझ्या हातावर ठेवले. मी पुन्हा हादरले, कारण ते सुंदर दिसत होते. दुधी काचेसारखे मऊ, एकसारखे, कुठे ओरखडा नाही. विकतचे वाटावेत असे.

मी काकांना विचारलं, किती वेळ ठेवले होते? ते म्हणाले, घातले आणि जेवायला गेलो, मग जरा आडवा झालो. आमच्या विट्यातल्या गल्लीगल्लीतले पुरुष सोनं गाळायच्या धंद्यासाठी परराज्यात असतात, काकांनीही उभी हयात केरळात दुकान चालवलं. सोनं ॲसिडात टाकायचं आणि खुशाल झोपायचं, हा त्यांचा शिरस्ता. चांदी-तांबं विरघळून जातं, सोन्याला ढिम्म काही होत नाही. उशीर झाला म्हणून माल बिघडला, असं त्यांच्या हातून कधी घडलंच नव्हतं.

"आमच्या धंद्यात जे ऱ्हातं तेच खरं," काका बरणीचं झाकण लावत म्हणाले. पण आवाजातला जोर गेला होता. पातळ तुकड्यांकडे त्यांचंही लक्ष गेलं होतं.

मग माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ॲल्युमिनियम म्हणजे सोनं नव्हे, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात कशाला लावायचा, आजारी माणसाच्या कष्टाची किंमत नाही का तुम्हाला, असं सगळं. काका मान खाली घालून ऐकत राहिले. एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. माझ्यासारख्या पोरीचं एवढं ऐकून घेणारा हा माणूस नव्हे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"त्येला बोलू नको."

आबा दारात उभे होते, चौकटीला धरून.

"म्याच दिलं त्येला. तू गिरणीत गेल्यावर."

मला कळेचना. मी विचारलं, का?

आबांनी खिशातून मोबाइल काढला. स्पर्धेच्या ग्रुपात त्यांना मीच हौसेने घेतलं होतं आणि ब्रॅकेटचे फोटोही मीच टाकले होते. खाली कुणीतरी लिहिलं होतं, हे काय उंदराने कुरतडलंय? त्या माणसाची मी ग्रुपातच चांगली खरडपट्टी काढली होती. पुढे सगळे गप्प बसले, म्हणून विषय संपला असं मी धरून चालले. त्या शेऱ्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती, ती आबांनी पाहिली असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"तू म्हणलीस, काय सुदिक झाकत न्हाई," आबा म्हणाले. "मला झाकायचं हुतं, पोरी."

मी पाटावर बसले. काकांवर काढलेला राग एकदम कुठे ठेवावा ते समजेना. लाज वाटली, रडू आलं, आणि दोन्ही लपवता आलं नाही.

आबा खाली येऊन माझ्या शेजारी बसले. त्यांनी एक ब्रॅकेट डाव्या हातात घेतला आणि अंगठा कडेवरून फिरवला. पुन्हा फिरवला. उलटा करून फिरवला. काहीतरी शोधत होते आणि सापडत नव्हतं. मग चिमटीत धरून जरा दाबला, तर तो वाकला.

"भाऊसो," ते काकांना म्हणाले, "खरं हुतं त्येवढंच गेलं की रं ह्यातलं."

काकांनी डोळे पुसले.

मग आबांनी विचारलं, पट्टी उरलीय का? होती, वीतभर. रविवारपर्यंत सगळे ब्रॅकेट होणं शक्य नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी वाइस ओट्याला आवळला. काकांनी पट्टीचं दुसरं टोक धरलं, न सांगता. आबांनी डाव्या हातात करवत घेतली आणि ओढली.

करवत निसटली. पट्टीवर तिरकी, खोल खाच पडली, करवत होती तिथून पार पट्टीच्या कडेपर्यंत. मी सवयीने मोबाइल उचलला, फोटो काढला, आणि मग भानावर येऊन तो मागे लपवला.

आबांनी ते पाहिलं होतं. त्यांनी खाचेतली भुकटी फुंकून टाकली.

"टाक ग्रुपात," ते म्हणाले.