आठ दिवसांचा फरक

डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर इनायतुल्लांनी अकोल्याचं घर बंद केलं आणि ते अमरावतीला लेकीकडे, अनवरीकडे, राहायला आले. सामान म्हणजे एक पेटी. तिच्यात ग्रहांची कोष्टकं, जुन्या यूनानी, म्हणजे ग्रीक, गणितावर रचलेली, त्यांच्या आजोबांच्या हातची.

अनवरी लहान असताना ते गणित त्यांनी तिला जात्यावर शिकवलं होतं. वरच्या पाळीच्या कडेला तिची लाखेची बांगडी ठेवायची, बांगडीला डिंकानं सरकी चिकटवायची. एका हातानं जातं फिरवायचं, दुसऱ्यानं बांगडी. मधल्या खुंट्याकडून पाहिलं की सरकी पुढे जाता जाता थांबे, मागे वळे, मग पुन्हा पुढे निघे. मंगळ असाच चालतो, ते सांगत, आणि मधला खुंटा ती आपली जमीन.

आता त्यांना एकच गोष्ट तपासायची होती. कोष्टकाप्रमाणे त्या साली मंगळ दसऱ्यानंतर दहाव्या दिवशी थांबून मागे वळणार होता. इनायतुल्लांना चाळीस वर्षांच्या टिपणांवरून वाटत होतं, की तो आठ दिवस उशिरा, दिवाळीच्या तोंडावर वळेल. त्यांना तारा दिसत नव्हता. अनवरीनं रोज पहाटे वृषभाच्या दोन शिंगांमध्ये हातानं दोरा ताणून धरायचा आणि मंगळ किती सरकला ते सांगायचं.

तिनं शाळेचं नवं पुस्तक वाचलं होतं. सूर्य मध्ये आहे, मग या चाकावरच्या चाकांना काय अर्थ, असं ती म्हणाली.

"मधात जमीन असो का सूर्य," इनायतुल्ला म्हणाले, "तारा कुठं दिसून राहिला, ते तर पाहा बेटी."

तिनं हो म्हटलं. पण अमेरिकेत लढाई पेटलेली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबलेला, म्हणून इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव. तिच्या नवऱ्याच्या, रऊफच्या, अंगणात वीस वीस गाड्या सुटत, आणि गाडीवानांच्या भाकरी उजाडायच्या आत लागत. ती चुलीपुढून एकदाही आभाळाखाली गेली नाही.

दिवाळीला त्यांनी विचारलं. आजोबांचं कोष्टक खरं ठरलं तर म्हाताऱ्याला बरं वाटेल, असं तिच्या मनात आलं.

"लिवल्याच दिवशी थांबला, अब्बा."

त्यांनी पेटीतून आठ दिवसांचा फरक मांडलेला आपला कागद काढायला लावला.

"मंग माहंच चुकलं. काट मार त्याच्यावर."

अनवरीनं काट मारली. रेघ सरळ आली का, हे त्यांनी कागदावर बोट फिरवून पाहिलं. पुन्हा त्यांनी पेटी उघडायला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी लढाई संपली, कापसाचा भाव पडला. त्याच साली इनायतुल्ला गेले.

मंगळ पुन्हा वळायला दोन वर्षांवर काळ गेला. या खेपेला तो पुष्याच्या अलीकडे होता. अंगणात आता गाड्या नव्हत्या. अनवरी थंडीत पंधरा पहाटा उठली, पुनर्वसूच्या ताऱ्यांपासून दोऱ्यानं अंतर मोजत राहिली. कोष्टकातला दिवस आला आणि गेला, मंगळ पुढेच सरकत होता. त्यानंतर आठव्या पहाटे तो जागचा हलला नाही.

ती दोरा हातात धरून तशीच उभी राहिली. आत चूल पेटवायची होती.

दुपारी तिनं तो कागद काढला. काट पुसण्यासारखी नव्हती. खाली तिनं तारीख घातली, अंतरं लिहिली. मग थोडी जागा उरली होती, तिथं लिहिलं: 'मागच्या वेळी मी पाहिलं नव्हतं. अब्बांचं बरोबर होतं.'

शाई वाळेपर्यंत तिनं कागद उघडा ठेवला, आणि वाचून दाखवायला अब्बा नव्हते म्हणून घडी घातली.