शिवराक पाल

गणपती घरात यायच्या आदल्या दिवशी तारकर्लीच्या नर्मदेकडे मुंबईहून तिचा मुलगा देवेश, सून शर्मिला, नात अक्षदा आणि एक पाल अशी चौघं उतरली. पाल साधीसुधी नव्हे, पाळलेली. देवेशच्या परदेशी निघालेल्या मित्राने ती अक्षदाला देऊन टाकली होती. चिकूच्या रंगाची, डोळ्यांवर काटेरी झालर, आणि नावही चिकूच. भिंतीवरची पाल झाडूने हाकलण्यात नर्मदेचा जन्म गेला; आता एक पाल काचेच्या पेटीतून ऐटीत घरात आली होती.

"ह्याका खावक काय घालतास?" तिने विचारलं.

अक्षदाने दोन डबे दाखवले. एकात भुकटी होती. ती पाण्यात कालवून द्यायची, हे रोजचं जेवण. दुसऱ्यात जिवंत रातकिडे. चिकू अजून लहान, म्हणून आठवड्यातून दोनदा तेही हवेत.

"गणपती असापर्यंत ह्या घरात सगळे शिवराक," नर्मदा म्हणाली. "माणसां असोत, नायतर पाल." तिने किड्यांचा डबा उचलला, माडांत नेऊन उपडा केला आणि हात झटकत परत आली.

शिवराक, म्हणजे मांस-मासळी वर्ज्य, पाळावं ते नर्मदेनेच, असं वाडीत बोललं जायचं. जन्मभर मासे विकलेली बाई, पण गणपतीत मासळीचं नावही काढू देत नसे. एके वर्षी शर्मिलाच्या पिशवीत मुलीसाठी उकडलेलं अंडं सापडलं, तेव्हा सुनेला तिने भर आरतीत चारचौघांत झाडलं होतं. शर्मिला अजून ते विसरली नव्हती.

चिकू भुकटीला तोंड लावेना. अक्षदा वाटी बदलायची, बोटावर घेऊन पुढे करायची. देवेशने किनाऱ्यावर जाऊन रेंज मिळवली आणि मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, नव्या जागी असंच होतं. हलणारं काहीतरी पुढ्यात टाका, एकदा खायला लागला की भुकटीही खाईल.

"भूक लागली की खातलो," नर्मदा म्हणाली. आरतीला येणाऱ्यांना ती पेटी दाखवायची. "आमची पालसुद्धा शिवराक गो!" लोक हसायचे, आणि नर्मदेची मान आणखी ताठ व्हायची.

नर्मदेचा गणपती अकरा दिवसांचा, शेजारच्या सुभद्राचा दीड दिवसाचा. तो बोळवला की तिच्या चुलीवर मासळी चढायची. आठव्या दिवशी दुर्वा मागायचं निमित्त करून नर्मदा तिच्याकडे गेली, तर घरभर मासळीत घालतात त्या तिरफळाचा वास. बांगड्याचं तिखलं रटरटत होतं.

"जेव गो, कोण बघता हंय?" सुभद्रा म्हणाली.

नर्मदा नको म्हणाली. मग थोडं चाखते म्हणाली. मग भाताचा डोंगर संपवून उठली. साबणाने हात धुतले, राखेने घासले, पदर तोंडावर धरून मागच्या दाराने घरी आली.

पेटीपाशी अक्षदा बसली होती. चिकू तिच्या तळव्यावर निपचित पडला होता. कमरेची हाडं वर आली होती.

"आजी, तू धर ना थोडा वेळ. मी बाप्पाला सांगितलं, आजीला जमतं तसं यालाही शिवराक राहायला जमू दे."

नको म्हणायच्या आत तिने चिकूला आजीच्या हातावर ठेवलं. गार, हलका जीव. त्याने मान उचलली आणि नर्मदेचं बोट चाटलं. पुन्हा चाटलं.

"आजी, चाटतोय! काय लावलंयस हाताला?" अक्षदाने आनंदाने आजीचा हात नाकाशी नेला. मग तो सोडून दिला. मासळीच्या घरची पोर, तिरफळ तिला कळत होतं.

नर्मदेला धरणी दुभंगावी असं झालं. आपल्या जिभेला पाच मिनिटं दम धरवला नाही, आणि ह्या मुक्या जिवाला आपण नेम शिकवत होतो. 

संध्याकाळी आरतीला वाडी जमली. ताट नेहमीप्रमाणे नर्मदेपुढे आलं. तिने हात मागे घेतले.

"शर्मिला, तू घे. माका शिवूचा नाय. मी सुभद्राकडे बांगडो जेवन इलंय."

टाळ थांबले. कोणीतरी फिसकन हसलं. शर्मिलाने एका शब्दानेही न झाडता ताट उचललं, आणि नर्मदेला तेच जास्त लागलं. ती अंगणात गेली. दिव्याखाली गवतात वाकून, लुगडं सावरत, भर आरतीत तिने एक कोवळा नाकतोडा पकडला आणि ओंजळीत धरून पडवीतल्या पेटीत सोडला.

चिकू बराच वेळ हललाच नाही. मग त्याची मान वळली, आणि एका झडपेत नाकतोडा गेला.

"खाल्ल्यान गो!" नर्मदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मागोमाग आलेल्या अक्षदाने तिच्याकडे पाहिलं. "आजी, तुला भूक लागली तेव्हा तू जाऊन जेवलीस. हा पेटीत होता ना. हा कुठे जाणार होता?"

 आत आरती पुन्हा सुरू झाली होती. नर्मदा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आणि तिला आत ये म्हणायला कोणी आलं नाही.