मुलींना खेळायचं

"मावशी, जॅकेट नका काढू ना. थंडी लागेल तुम्हाला," तनिषा म्हणाली.

मंजिरीने जॅकेटची चेन अर्धी उघडली होती आणि आतली लाल जर्सी डोकावायला लागली होती. वॉटफर्डच्या त्या स्पोर्ट्स हॉलमध्ये मॅच आता सुरू होणार, मुली बास्केटखाली वॉर्मअप करतायत, आणि कोचबाई म्हणतात जॅकेट काढू नका! थंडी कसली डोंबलाची? मंजिरीला सकाळपासून थंडी जाणवलीच नव्हती.

"अगं, मला नको का वॉर्मअप करायला?"

"तुम्हाला? का?"

तनिषाने हे अगदी भाबडेपणाने विचारलं. मंजिरीने चेन वर ओढली आणि ती बेंचवर जाऊन बसली.

मंजिरी नागपूरची. शाळेत असताना बाबा पहाटे तिला लुनावर मागे बसवून ग्राउंडवर न्यायचे आणि प्रॅक्टिस संपेपर्यंत तिथेच पेपर वाचत बसायचे. पुढे ती महाराष्ट्राकडून खेळली. मग लग्न, राजीवची लंडनची नोकरी, लेकीचा जन्म, आणि बास्केटबॉल जो सुटला तो सुटलाच. चाळिशी दिसायला लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं की इथे आपल्या बायका-मुलींची रविवारची लीग असते. ती जवळच्याच पिनर उपनगराच्या टीममध्ये शिरली. सोमवारी डॉक्टरच्या दवाखान्यात रिसेप्शनवर पेशंटांचे फोन घेताना पाय ठणकायचे, आणि तेसुद्धा तिला आवडायचं.

गेल्या उन्हाळ्यात पिनरने तिला मोकळं केलं. व्हॉट्सॲपवर. 'वी आर गोइंग यंगर', आणि पुढे एक बदाम.

"म्हणजे आता तू फ्री एजंट," राजीव म्हणाला. "कुणाचीच नाहीस."

तो आपला गमतीत म्हणाला. पण मेली काही वाक्यं गमतीत म्हटली तरी लागायची तिथे लागतातच.

मग तनिषाचा फोन आला. तनिषा म्हणजे मंजिरीच्या मैत्रिणीची, सुमनची मुलगी, जन्म इथलाच, हॅरोचा. तिच्या टीमचं नाव 'वॉटफर्ड वाघीण्स'. आता यावर काय बोलायचं! या वाघीण्स दोन वर्षं तळाला होत्या. लीगचा नियम असा, की तळाच्या टीमने नव्या मुलींमधून सगळ्यांच्या आधी निवड करायची. त्याला ड्राफ्ट म्हणतात. तनिषाने दोन्ही वर्षी चांगल्या चांगल्या शाळकरी पोरी उचलल्या आणि जुन्या बायकांना नमस्कार केला. टीम नव्याने बांधायची होती ना!

"मावशी, माझा टीम सगळा लहान आहे," तनिषा फोनवर म्हणाली. मोठ्यांशी मराठीतच बोल, असं सुमनने बजावलं असणार. "तुम्ही या ना. तुम्ही मुलींना खेळायचं."

मुलींना खेळायचं! मंजिरीला हसू आलं होतं. या पोरांच्या विभक्त्या म्हणजे! 'मुलींबरोबर' म्हणायचं असेल बिचारीला. "येते," ती म्हणाली. विचार करून सांगते म्हणायचंही तिला भान राहिलं नाही. जर्सी घरी आली त्याच दिवशी तिने नवी नीकॅप आणली. ती चढवून आरशासमोर उभी राहिली, तर राजीव म्हणाला, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते आज बघितलं."

आणि तिने नागपूरला फोन केला. घरात पडल्यापासून बाबा पलंगावरच होते. "बाबा, मला परत घेतलं टीममध्ये!" बाबांनी ते दूधवाल्यालाही सांगितलं. "मॅच झाली की पहिला फोन मला करजो," म्हणाले. "मी जागा राहतो."

पहिला क्वार्टर गेला. दुसराही गेला. वाघीण्स मार खात होत्या, आणि मंजिरी बेंचच्या कडेवर अशी बसली होती की नाव घेतलं की उठताच यावं. हाफटाइमला तिला राहवेना.

"तनिषा, मी केव्हा?"

"केव्हा काय?"

"अगं, खेळणार केव्हा?"

तनिषाचा चेहरा उतरला. "मावशी... मी सांगितला होता ना फोनवर. मुलींना खेळायचं. लाइक, मेक देम प्ले."

"खेळवायचं," मंजिरी म्हणाली.

"हां, तेच. मी काय म्हटला?"

विभक्ती चुकली असं मंजिरीने धरलं होतं. चुकलं होतं क्रियापद. एक 'व' तेवढा राहून गेला होता.

"मग ही जर्सी कशाला दिलीस?"

"बेंचवर बसायला रजिस्टर्ड प्लेयर लागतो, मावशी. सो सॉरी. मोठा चूक झाला."

मंजिरीला रडू आलं. राग तर इतका आला, की बॅग उचलावी आणि तडक घर गाठावं. पण राग करणार कोणाचा? या पोरीने धडधडीत सांगितलं होतं. आपणच आपल्या सोयीचं ऐकलं. ती बसून राहिली.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये ईशानी, ड्राफ्टमधली सगळ्यात पहिली निवड, पुन्हापुन्हा चकत होती आणि रडवेली होऊन बेंचकडे बघत होती. मंजिरीला ते बघवेना.

"ईशानी, बॉलकडे नको बघूस! कंबर बघ तिची, कंबर! हात फसवतात, कंबर नाही फसवत!"

"कंबर व्हॉट?"

"वेस्ट गं, वेस्ट!"

पुढच्याच वेळी ईशानीने बॉल हिसकावला आणि धावत जाऊन बास्केट केला. मंजिरी टाळ्या पिटत उभी राहिली. आपल्याला आनंद झालाय हे कळल्यावर तिला आणखीच राग आला.

शेवटी शेवटी मॅच पार हातची गेली. तनिषा तिच्याजवळ येऊन वाकली. "मावशी, तुम्ही जा आत. ईशानीला बाहेर काढते. आता तसंही काही फरक नाही पडत."

मंजिरी उठली. चेन खालपर्यंत उघडली. बाबा डोळ्यांसमोर आले, उशाशी फोन घेऊन जागे असलेले. तिकडे ईशानी केस मागे सारत, दात-ओठ खात समोरच्या मुलीच्या कमरेवर नजर लावून उभी होती. काही फरक पडत नाही अशी मॅच मंजिरी आयुष्यात खेळली नव्हती.

तिने चेन वर ओढली. "राहू दे तिलाच. उरलंसुरलं नको गं मला."

कार पार्कमध्ये तिला न्यायला आलेल्या राजीवने गाडी सुरू केली. तिने नागपूरला फोन लावला. पहिल्याच रिंगला बाबांनी उचलला.

"खेळली का, मंजू?"

"खेळवलं, बाबा."

"आं? आवाज तुटून राहिला तुझा. खेळली ना?"

ते एक अक्षर पुन्हा एकदा गळलं होतं. मंजिरीने काचेतून बाहेर बघितलं. मुली आपापल्या आयांच्या गाड्यांत बसत होत्या.

"हो, बाबा. खेळले."

"शाब्बास! आता झोपतो मी."

घरी आल्यावर ती जर्सी धुवायला घेऊन गेली. मशिनमध्ये टाकण्याआधी सवयीने नाकाशी धरली. घामाचा वास नव्हता. नव्या कापडाचा होता. तिने जर्सीची घडी घातली आणि ती कपाटात ठेवून दिली. धुवायची गरजच नव्हती.