मनोरीचे धवले पुसले ते मीच

मी बोलतेय, सिद्धेशची झाडूवाली. हातपाय शोधू नका, मला नाहीत. मी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या हुकमांची एक फाइल. कुणीतरी एकदा लिहायची आणि मी जन्मभर राबायचं, एवढंच माझं नशीब.

माझा जन्म अंधेरीचा, एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत. गिऱ्हाइकांच्या फाइली क्लाउडवर सांभाळायचा तिचा धंदा. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही हो, दुसऱ्याचे भाड्याने घेतलेले संगणक. तिथे काम झालं की जुन्या प्रती, चाचणीचे सर्व्हर, सगळा पसारा तसाच पडून राहायचा. सिद्धेश दर सोमवारी सकाळी बसून तो एकेक करून पुसायचा. वैतागला बिचारा. ‘च्यायला, हे काय माणसाचं काम आहे?’ म्हणाला आणि मला लिहून काढलं.

माझा नियम सोपा. ज्यावर गिऱ्हाइकाच्या नावाची पट्टी नाही, तो कचरा. पण पोरगा सावध. पुसण्याआधी मी विचारायचं, ‘हे पुसू का?’ आणि तो ‘हो’ म्हणाला तरच हात लावायचा, अशी शिस्त त्यानं मला लावली. ती मला आवडायची. विचारणाऱ्याला जरा मान असतो.

मग आल्या वसुधाबाई. बोरिवलीच्या शाळेत सिद्धेशला मराठी शिकवलेल्या. निवृत्त झाल्यावर बाई घरी बसल्या नाहीत, मनोरीच्या कोळीवाड्यात जाऊन धवलारणींचा आवाज टिपत राहिल्या. लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणाऱ्या या म्हाताऱ्या. पोथी नाही, पुस्तक नाही, सगळं तोंडपाठ. बाईंची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली तशी त्या थेट सिद्धेशकडे आल्या.

‘अरे, एवढं कुठेतरी नीट ठेव रे. यातल्या बाकीच्या गेल्या. एकटी वनमालाबाई उरलीय.’

‘बाई, टेन्शन घेऊ नका. माझ्याकडे दिलंत ना, संपलं.’

त्यानं ते कंपनीच्याच जागेत एका कोपऱ्यात सरकवलं. पट्टी लावली नाही, लावली असती तर साहेबाच्या डोळ्यांत आली असती. ओळखीचं काम आपल्याकडे असंच होतं, ना विचारणं ना सांगणं. दर सोमवारी मी त्या कोपऱ्यापाशी येऊन विचारायची, ‘हे पुसू का?’ तो म्हणायचा, ‘नाही.’ मी पुढे जायची.

गणपती आले. कोकणातला माणूस गणपतीला मुंबईत थांबतोय होय? पाठीला बॅग लावून सिद्धेशनं मला शेजारच्या टेबलावरच्या हर्षदच्या हवाली केलं. त्या कोपऱ्याचं सांगायला तोंड उघडलं, तर साहेब शेजारीच उभा. गिळलं त्यानं. ‘शंका आली तर नाही म्हण, बस,’ एवढंच बोलला आणि पळाला.

हर्षद वाईट नाही हो. पण अर्धं ऑफिस गावाला गेलेलं, सगळ्यांचं काम याच्या डोक्यावर. सोमवारी मी आपली विचारतेय, विचारतेय. ‘अरे यार, डोकं खाते ही बया!’ म्हणून त्यानं माझ्यात एक ओळ घातली, की प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’. आणि चहाला गेला.

मी कोपऱ्यापाशी आले. विचारलं. माझ्याच पोटातून ‘हो’ आलं. पुसलं.

मला काय कळणार आत काय आहे ते? मला कचरा आणि धवला सारखाच. आणि कंपनीच्या मालाच्या जादा प्रती असतात, चोरून ठेवलेल्याच्या कोण काढणार?

सिद्धेश परतला तो खाज्याचा पुडा घेऊन. कोपरा उघडून पाहिला आणि तोंडचं पाणीच पळालं त्याच्या.

‘हर्षद, वाट लागली रे.’

‘अरे, नावच नव्हतं त्यावर! मला काय स्वप्न पडणार होतं?’

खरंच होतं त्याचं. बाईंची डिस्क तर कधीच बंद पडली होती.

मग चार दिवसांपूर्वी बाईंचा फोन आला. सिद्धेशनं स्पीकरवर घेतला.

‘सिद्धेश, वनमालाबाईनं अंथरूण धरलंय रे. आवाज आहे अजून, म्हणते थोडं थोडं. मी म्हटलं, जाऊन पुन्हा एकदा टिपून घेऊ का? पण आजारी बाईला कशाला त्रास द्यायचा? तुझ्याकडे आहेच की सगळं सुखरूप.’

त्यानं पडद्यावर तो रिकामा कोपरा उघडला.

‘आहे ना रे?’

‘हो बाई. आहे ना.’

त्या दिवसापासून तो जेवणाचा डबा तसाच परत नेतो. रोज माझ्याकडून तो रिकामा कोपरा पुन्हा पुन्हा चाळून घेतो. काय मिळणार, कपाळ? माझं बरं चाललंय. आता मी कुणालाच काही विचारत नाही. साहेब खूश आहे, म्हणतो झकास काम करते.

मला तोंड असतं तर मीच फोन लावला असता. सिद्धेश, माझ्या राजा, लाज गुंडाळून ठेव आणि सांग बाईंना. आज सांग. उद्या म्हणशील तर उद्या ती म्हातारी असेल की नाही कुणाला ठाऊक. बाई चिडतील, रडतील, तुझं तोंड पाहणार नाहीत कदाचित. पण दुपारच्या होडीने मार्व्याहून मनोरीला पोचतील तरी.