सत्तरची केबल

दुकानात शिरताच रबराचा वास मिस्त्रींच्या नाकात चढला. नव्या रबराचा नव्हे. जुन्या टायरांच्या चुऱ्याचा, जळका, चिकट. नाक मुरडलं, पण पाय मागे घेतला नाही. उद्या सकाळी त्यांची लेक लोखंडी टाकीच्या पोटात उतरून वेल्डिंगचे सांधे भरणार होती. चहूकडे लोखंड, अंगावर घाम. तिथं फाटक्या केबलवर लेकीला उतरवणार नाही, असं त्यांनी वर्कशॉपच्या मालकाला बजावलं होतं. "मग तुम्हीच निवडून आणा," मालक म्हणाला.

"या उस्ताद, या!" ठिणग्या गल्ल्यावरून उठला. वेल्डिंगचा होल्डर धरायला तो मिस्त्रींच्याच हाताखाली शिकला. ठिणगी उडाली की हा तिच्याहून उंच उडायचा, म्हणून ठिणग्या. आता पोट सुटलं होतं, आणि उड्या जिभेवर आल्या होत्या.

"सत्तरची दे. पन्नास मीटर. अस्सल तांबं."

"ही बघा. लावा अंगठा."

अंगठ्यानं केबल मोजायची ही वेल्डरांची जुनी खोड. अंगठ्याएवढी जाड दिसली की सत्तरची म्हणायची, म्हणजे आत सत्तर चौरस मिलिमीटर तांबं धरायचं, आणि खांद्यावर टाकायची. रबरच जाड ओतणाऱ्यांनी याच खोडीवर माड्या बांधल्या. मिस्त्रींनी अंगठा लावला नाही, भेंडोळं उचललं. पन्नास मीटर तांबं उचललं की कंबर बोलते. आज कंबर गप्प राहिली.

त्यांनी चाकूनं रबर सोललं. आतल्या केसासारख्या तारा तांबूस, नव्या नवरीसारख्या लाजऱ्या. चाकूचं पातं हलकेच फिरवलं, आणि लाली उतरून खाली पांढरंफटक अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं.

"वरून सोनं, आतून कथील," मिस्त्री म्हणाले, "पुढचं म्हण."

"खरवडेल तोच घरी जाईल," ठिणग्या खिदळला. "तुम्हीच शिकवलंत की! अहो, ही गिऱ्हाइकांसाठी. तुमची वेगळी." त्यानं मागच्या खोलीतून दुसरं भेंडोळं ओढत आणलं. ओढतानाच त्याला धाप लागली. मिस्त्रींनी खरवडलं. तांबं, आणि तांब्याखाली तांबंच.

लेकीची काळजी मिटली, तरी तोंडात कडू पाणी सुटलं. म्हणजे याला खरं-खोटं कळतं. कळून, निवडून, दोन खोल्यांत वेगळं मांडून ठेवतो.

तेवढ्यात एक ठेकेदार आला. ठिणग्यानं खोटं भेंडोळं त्याच्यापुढं सरकवलं. "निर्धास्त न्या. हे आमचे उस्ताद, इथूनच नेतात. आत्ताच चाकू लावून पारखलीय. विचारा हवं तर!"

मिस्त्रींच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. त्यांचा चाकू, त्यांचं नाव, आणि त्यावर हे शेवाळ! त्यांनी ठेकेदारासमोर तारा खरवडल्या. "ही तापणार. रबर वितळणार. होल्डर धरणाऱ्याच्या हातात जाळ."

ठेकेदारानं पांढऱ्या तारा पाहिल्या. दात कोरले.

"तांब्यापेक्षा किती स्वस्त?"

"निम्म्यात," ठिणग्या म्हणाला.

"मग बांधा. होल्डर काय मी धरणार आहे?"

दोघे हसले. लग्नात व्याही हसतात तसे, मनमोकळे. ठेकेदार खोटं भेंडोळं एका हातानं उचलून गेला.

"झालं समाधान?" ठिणग्यानं खरं भेंडोळं पुढं ढकललं. "उचला तुमची. राग नाही हं."

मिस्त्रींनी हात पुढं केला, आणि तसाच मागे घेतला. ही नेली, की उद्याच्या गिऱ्हाइकालाही हा हेच ऐकवणार: उस्ताद इथूनच नेतात. ते पायरी उतरले. नाल्याशी जाऊन थुंकले, पुन्हा थुंकले, आणि लेकीला फोन लावला.

"मिळाली का, आबा?"

"मिळाली होती. ठेवून आलो. दुकान घाण होतं."

"अहो आबा, आपण टाकीत उतरतो, अत्तराच्या दुकानात नाही!"

"उद्या उतरायचं नाहीस. दुसरीकडून आणेपर्यंत टाकी बंद."

"मालक ओरडेल."

"ओरडू दे," मिस्त्री म्हणाले. "ओरडण्यानं कुणी भाजत नाही."