बाईंची काळी चार

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, सुरांचा. वीज मिळाली की माझ्या पोटात चार तारांचा तंबोरा वाजू लागतो. ना कुणाचं बोट दुखत, ना तार तुटत. तरी मैफलीत माझी जागा ठरलेली, गाणाऱ्या बाईंच्या मागे, शालीखाली. खऱ्या तंबोऱ्याने पुढे मिरवायचं आणि मी मागे राबायचं. फोटोत मी आलोच, तर शालीचा फुगवटा म्हणून येतो.

वाद्यांच्या दुकानात बाईंनी मला पाहिलं तेव्हा "हे खोकं सूर देणार?" असं म्हणत नाक मुरडलं आणि विकत घेतलं. प्रवासापुरतं, असं लेकीला सांगितलं. आठवडाभरात त्यांचा रियाझ माझ्यावाचून सुरू होईना. माणसं आधी नावं ठेवतात आणि मग उशाशी घेऊन झोपतात.

बाईंचा सूर म्हणजे पेटीवरची काळी चार, सप्तकातली चौथी काळी पट्टी. तो आपण जन्मात उतरवला नाही, हे त्या शिष्यांना, पाहुण्यांना, मीटर बघायला आलेल्या माणसालाही ऐकवायच्या. "सूर उतरला की गाणाऱ्याने घरी बसावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खालच्या सुरात गाऊ लागलेल्या एका मैत्रिणीची त्यांनी इतकी टिंगल केली, की ती यायचीच बंद झाली.

मग बाईंचंही वय झालं. एके दिवशी वरच्या षड्जावर आवाज चिरकला. त्या दिवशी त्या धड जेवल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी बाई अंघोळीला गेल्या असताना लेक माझ्यापाशी आली. माझ्या उजव्या अंगाला एक बारीक बटण आहे, ते फिरवलं की सूर केसभर वर-खाली होतो. तिने ते केसभर खाली केलं. बाई गायला बसल्या आणि षड्ज लागला.

"बघ, काल घसा धरला होता नुसता."

"हो ना आई," लेक म्हणाली.

लेक स्वतः सुरेख गायची, पण आईमागे तंबोरा धरण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली. रियाझसुद्धा आईच्याच सुरात. दर वर्षी-दोन वर्षांनी ते बटण आणखी केसभर फिरायचं आणि आईबरोबर तीही खाली उतरायची. तबलावाल्या काकांना सगळं कळत होतं. ते मुकाट्याने हातोडी घेऊन तबला उतरवून घ्यायचे. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

अडचण पेटीची होती. पेटीच्या पट्ट्या काही कुणाच्या वयाकडे बघत नाहीत. म्हणून लेकीने आयोजकांना कळवून टाकलं, आईला पेटी चालत नाही, साथीला सारंगी द्या. झालं! जाणकारांनी त्यावर लांबलचक लेख लिहिले. पेटीचे ठोकळेबाज स्वर नाकारणाऱ्या तपस्विनी म्हणून बाईंचं नाव झालं. बाई ते लेख चष्मा लावून वाचायच्या आणि गालात हसायच्या. मला वाटायचं, कौतुकाने हसतात.

बाईंच्या सत्काराच्या मैफलीला सारंगीवाला तापाने आडवा झाला आणि आयोजकांनी ऐनवेळी पेटीवाला आणून बसवला. सभागृह गच्च भरलेलं. मी सुरू झालो. पेटीवाल्याने एक पट्टी दाबली, मग शेजारची दाबली, माझ्याकडे कान केला आणि सरळ मनाने म्हणाला, "बाई, हा सूर पेटीत नाहीच. पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या फटीत पडलाय."

काळी चारचं तर नावही नाही! लेक पांढरीफटक पडली. काका तबल्याखालची गादी सारखी करू लागले, ती आधीच सारखी होती. आता बाई भर सभेत लेकीला काय बोलतील, या धास्तीने माझा आवाज घोगरा झाला असावा.

बाईंनी हात मागे आणला आणि शालीखाली घातला. न बघता त्यांचं बोट नेमकं त्या बारीक बटणावर आलं. त्यांनी ते फिरवलं, वर नव्हे, आणखी खाली, थेट काळी तीनवर.

"आता आहे का पेटीत?"

"आहे, बाई."

मग त्या लेकीकडे किंचित वळल्या. "एकदाची सरळ खाली आणशील म्हणून किती वाट बघायची? मधेच लटकवून ठेवलंस."

"आई, तुला माहीत होतं?"

"आवाज उतरलाय. कान नाही उतरले."

काकांनी हातोडी काढली. लेक भरल्या डोळ्यांनी तंबोऱ्याच्या खुंट्या पिळू लागली. श्रोत्यांना वाटलं, काय ही सुराची पारख, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी बाई इतक्या मोकळ्या गायल्या, की मला पहिल्यांदाच शालीखाली असल्याचं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक रियाझाला बसली, सवयीने आईच्याच सुरात. बाईंनी मला पुढ्यात ओढलं आणि सूर चढवत चढवत काळी चारच्याही पुढे, काळी पाचवर नेला.

"हा तुझा. माझ्यापायी खाली गात बसलीस. गा आता."

लेकीचा आवाज आधी चाचरला, मग लागला. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आता फोनच्या पोटातही तंबोरा असतो म्हणे. माझी घरघर वाढली आहे, आकडे पुसले गेले आहेत. तरी लेकीच्या मैफलीत शालीखाली मीच असतो आणि मागे तंबोरा धरून बाई बसतात. तुम्ही कधी आलात, तर शाल उचलून बघू नका, एवढीच विनंती. खाली एक सुरकुतलेलं बोट त्या बारीक बटणाशी टेकलेलं असतं. अजून तरी त्याने ते फिरवलेलं नाही.